‘योतुन’ आणि ‘राक्षस’ : एका प्रतिशब्दाची फलश्रुती

प्राचीन नॉर्स वाङ्मयातील ‘योतुन’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘जायंट’ हा शब्द रूढ झाला, आणि त्याच्या आधारे मराठीत ‘राक्षस’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. मूळ शब्दाचा संबंध ‘खाणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूशी जोडण्यात येतो. त्यात आकारमानाचा निर्देश नाही. उलट ‘जायंट’ हा ग्रीकमधून लॅटिन-फ्रेंच मार्गाने आलेला शब्द. इंग्रजीत त्याने देहाचा प्रचंडपणा हेच योतुनांचे व्यवच्छेदक लक्षण ठरविले.

स्नोरी स्तुर्लुसॉन याच्या इ. स. १२२० च्या सुमाराच्या ‘एड्डा’त प्रचंड योतुन आहेत, हे खरे. स्क्रीमिरचा हातमोजा घर समजून थॉर त्यात रात्र काढतो. तथापि गेर्ड ही योतुनकन्या आपल्या लावण्याने फ्रेय देवाला वेड लावते. वाफ्थ्रुदनिर हा योतुन ज्ञानाच्या बळावर ओडिनशी वाद घालतो. किंबहुना ओडिनची माता बेस्टला हीच योतुनकुळातील होय. तेव्हा देवांचा हा संग्राम परक्यांशी नसून आजोळाशी आहे. या कथांचे शोकात्म गांभीर्य त्या नात्यात आहे.

आधुनिक अद्भुतरम्य मनोरंजनाने मात्र बहुधा प्रतिशब्दाचाच विस्तार केला. १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात हिमाचे, अग्नीचे, पाषाणाचे असे महाकायांचे वर्ग पडले. नात्याची जागा वर्गीकरणाने घेतली. ‘थॉर’ (२०११) या चित्रपटात योतुन म्हणजे नीलवर्णी शत्रुसेना होय. लोकीचा जन्म त्यांच्यात झाला, हे तेथे सांगितले आहे. पण ते एका पात्राचे गुपित म्हणून. ओडिनच्या आजोळाचा तेथे मागमूस नाही. शिवाय मूळ कथेत लाउफे ही लोकीची माता, आणि ‘लाउफेयार्सोन’ हे त्याचे मातृनाम. चित्रपटात लाउफे हा पुरुष राजा झाला आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) या संगणकीय खेळाची दृष्टी अधिक सूक्ष्म आहे. त्यात लाउफे पुन्हा माता होते, आणि योतुन असूनही तिचा देह सामान्य मानवाएवढाच आहे. कथानकात स्वैर बदल करूनही मूळ संकल्पनेशी इमान राखता येते, हे यावरून दिसते.

मराठी भाषांतरकाराला येथे एक सोय उपलब्ध आहे. ‘दैत्य’ म्हणजे दितीचे पुत्र, देव अदितीचे. पिता कश्यप एकच. हे साम्य पूर्ण नव्हे. दैत्य सावत्र भाऊ, तर योतुन मातुल. परंतु ‘राक्षस’ हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे अक्राळविक्राळ देह उभा राहतो, ‘दैत्य’ शब्दात निदान मातेचे नाव जिवंत आहे. प्रतिशब्द निवडताना शत्रूचा आकार पाहावयाचा की त्याचे नाते, हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. त्याच्या उत्तरावर, वाचकाला युद्धाची कथा मिळणार की कुलनाशाची, हे अवलंबून आहे.