शालेय तंत्रविषयांची अध्यापनपद्धती : खानदेशातील पाण्याच्या आधारे एक परीक्षण

१

तंत्रविषयांना शालेय अभ्यासक्रमात स्थान असावे की नसावे, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ते कसे शिकवावेत, हा प्रश्न मात्र अद्यापि अनिर्णित आहे. या विषयाला आपल्याकडे जितकी नावे मिळाली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शालेय विषयाला मिळाली असतील. १९३७ साली वर्धा येथे तो मूलोद्योग म्हणून पुढे आला. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांतील एक गट म्हणून त्याची शिफारस केली. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने त्याला कार्यानुभव म्हटले, तर १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची योजना असून त्या दिवसांत स्थानिक कारागिरांच्या सहवासात व्यवसायांचा परिचय व्हावा, अशी अपेक्षा आहे.

नाव बदलले की पद्धतीही बदलली, असे समजण्याकडे आपला कल असतो. वर्गातील व्यवहार पाहिला असता या समजुतीला फारसा आधार सापडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात नावे बाजूस ठेवून एकच कसोटी लावावयाची आहे. ती अशी : विद्यार्थ्याच्या हातून होणारे काम फसले असता ते का फसले, हे शोधून काढण्यास ती पद्धती त्याला वाव देते काय? कारागीर आणि यंत्रज्ञ यांचे ज्ञान याच ठिकाणी पणाला लागते. चालू पंपाचे वर्णन पुस्तक वाचूनही करता येते. बंद पडलेला पंप दुरुस्त करण्यास कारणपरंपरेचा माग काढता यावा लागतो.

२

प्रथम वर्धा योजनेचा विचार करू. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याच्या मंडपाची व सजावटीची योजना नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, ग्रामीण साहित्यातून केली होती. जवळ असलेल्या वस्तूंतूनच विचारपूर्वक काम उभे राहू शकते, याचा तो प्रत्यक्ष पाठ होता. पुढे दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारा विचार मांडला गेला आणि झाकिर हुसेन समितीने त्याला आराखड्याचे रूप दिले.

या योजनेत आमच्या कसोटीला उतरणारे बीज निश्चितच होते. टकळीवर सूत तुटते तेव्हा पीळ कमी पडला की अधिक झाला, पेळूच नीट वळला गेला नव्हता की हाताची ओढ असमान होती, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. परंतु शाळेने उत्पादनातून आपला खर्च भागवावा, ही अपेक्षा त्याच योजनेला जोडलेली होती आणि तिने या बीजाची वाढ खुंटविली, असे आम्हांस वाटते. सुताची लड मोजून जेथे यश ठरते, तेथे तुटलेला धागा हे केवळ नुकसान होऊन बसते. त्याच्याजवळ थांबून विचार करण्यास कोणालाच सवड राहत नाही. शिवाय ही योजना खेड्यातील मुलाला चरख्याशी बांधून ठेवील आणि शहरातील मुलाला इंग्रजी विद्येची वाट मोकळी राहील, असा आक्षेप त्या काळीच घेतला गेला होता. तो आक्षेप सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

दुसरी पद्धती तांत्रिक शाळांच्या कर्मशाळेची. तिचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. कानस कशी धरावी, शेगड्यात तुकडा कसा आवळावा, रंधा कोणत्या दिशेने चालवावा, अपघात कसा टाळावा, या गोष्टी सरावानेच येतात आणि कर्मशाळा तो सराव देते. तिचा दोष असा की, तेथील नमुने ठरलेले असतात, त्यांची मापे ठरलेली असतात आणि प्रयोगवहीतील निष्कर्षही आधीच ठरलेला असतो. वही वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून उतरवून घेतली तरी गुणांत फरक पडत नाही. काम बिघडले तर तुकडा टाकून दुसरा घ्यावयाचा. बिघाडाची नोंद कोठेही होत नाही. परिणामी गुरुत्वाकर्षणाची दिशा ही परीक्षेत लिहिण्याची बाब राहते, आणि गल्लीतील गवंड्याच्या ओळंब्याशी, पाणसळीशी व गुण्याशी तिचा काही संबंध आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानीही येत नाही.

तिसरा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ साली त्याची स्थापना केली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार क्षेत्रांतील कामे आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांनी करावीत, आणि त्यांतील काही कामे गावाला खरोखर उपयोगी पडणारी असावीत, अशी तेथे उभ्या राहिलेल्या अभ्यासक्रमाची मांडणी आहे. या तिन्हींत आमच्या कसोटीच्या सर्वांत जवळ येणारी पद्धती हीच. कारण कामाची कोणी तरी वाट पाहत असते. फाटकाची बिजागरी निखळली तर ती करणाऱ्याकडे परत येते. तथापि येथेही एक धोका संभवतो. काम वेळेवर देण्याची घाई झाली की निदेशक स्वतःच दुरुस्ती करून मोकळा होतो आणि 'का' हा प्रश्न पुन्हा मागे राहतो. म्हणजे खरे काम मिळाल्याने पद्धतीची अर्धीच गरज भागते. उरलेली अर्धी गरज प्रश्नाची आहे.

३

असा प्रश्न कोठून आणावयाचा? धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांपुरते बोलावयाचे तर तो पाण्यात आहे आणि शाळेच्या दारापर्यंत आलेला आहे.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे धुळे व नाशिक जिल्ह्यांच्या भागात, तीन शतकांहून अधिक काळ चालत आलेली फड पद्धती सर्वश्रुत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, जादा पाण्यासाठी सांडवे, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, आणि खालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, कोणता फड भिजवावयाचा व कोणता पडीक ठेवावयाचा हे गावाने मिळून ठरवावयाचे, आणि वाटपाची जबाबदारी पाटकरी, हवालदार, जागल्या यांच्याकडे द्यावयाची, असा हा व्यवहार. वरच्या बाजूस झालेली धरणे व वाढलेल्या विहिरी यांमुळे अनेक ठिकाणी ही व्यवस्था क्षीण झाली आहे. तरीही शिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल कमी होत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला आणि शेवटाशी असलेल्या शेताला सारखे पाणी कसे मिळावे, हा या साऱ्या व्यवस्थेचा मूळ प्रश्न आहे.

नववीच्या वर्गाला हा प्रश्न मोजमापाचा करून देता येतो. समजा, पाटाचा एक सरळ भाग १.२ मीटर रुंद असून त्यात ०.४ मीटर खोल पाणी वाहत आहे. लाकडाचा हलका तुकडा सोडला असता तो २० मीटर अंतर ४० सेकंदांत काटतो. वेग सेकंदाला ०.५ मीटर, छेदाचे क्षेत्रफळ ०.४८ चौरस मीटर. म्हणून प्रवाह सेकंदाला २४० लिटर, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी काढतील आणि ते चुकलेले असेल. तळाशी व काठाशी पाण्याला अडथळा होतो, त्यामुळे पृष्ठभागावरील वेग सरासरीहून अधिक असतो. म्हणून साधारणतः ०.८५ ने गुणावे लागते आणि प्रवाह सुमारे २०४ लिटर येतो. हा गुणक पुस्तकातून आधीच सांगून टाकणे आणि चुकलेल्या उत्तरापाशी थांबून तो विद्यार्थ्यांकडून शोधवून घेणे, यांत आमच्या मते अध्यापनपद्धतीचा सारा भेद सामावलेला आहे. मधोमध व काठाजवळ असे दोन तुकडे एकाच वेळी सोडले की ते मागेपुढे होतात. मग कोणी तरी विचारतोच, आणि तेथे पाठ सुरू होतो.

पुढील पायरीही सोपी आहे. २०४ लिटरच्या प्रवाहाने तासाभरात सुमारे ७३४ घनमीटर पाणी वाहते. एक हेक्टरावर ते पसरले तर थर सुमारे ७.३ सेंटिमीटरचा होईल. प्रत्यक्षात शेवटच्या शेतात तितके पाणी पोहोचत नाही. मग ते गेले कोठे? पाझरले, वाटेत फुटले, की वरच्याने अधिक घेतले? या प्रश्नातील पहिले दोन भाग तंत्राचे व तिसरा न्यायाचा आहे. फडातील एकपीक-नियम या तिसऱ्या भागाचे उत्तर होता : सर्वांचे पीक एक, तेव्हा सर्वांची पाण्याची गरजही सारखी, आणि पाळीचा हिशेब उघड.

४

जळगाव जिल्ह्यात हाच प्रश्न नळीत शिरलेला दिसतो. केळीच्या बागांतून ठिबक सिंचन सर्वत्र पसरले आहे, आणि ठिबक साहित्याच्या निर्मितीचे जळगाव हे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. ज्याच्या घरी ड्रीपर व लॅटरल हे शब्द रोजचे आहेत, त्या मुलाला शाळेत द्रवाचा दाब हे प्रकरण परके वाटावे, ही पद्धतीवरील कठोर टीका होय.

येथे मोजपात्र, घड्याळ आणि बादली एवढे साहित्य पुरते. ताशी ४ लिटरचा ड्रीपर पंधरा मिनिटांत १ लिटर पाणी देतो. समजा, नळीच्या तोंडाशी पात्रात १००० मिलिलिटर जमले आणि शेवटाशी ८०० मिलिलिटर. कारणे निदान दोन संभवतात : नळीतील घर्षणाने दाब उतरला असेल, किंवा शेवटचा ड्रीपर क्षाराने अथवा गाळाने चोंदला असेल. यांतील खरे कारण कोणते? बाहेरून बसविलेले ड्रीपर असतील तर दोघांची अदलाबदल करून पुन्हा मोजावे. उणीव ड्रीपरबरोबर तोंडाशी आली तर तो चोंदला आहे. उणीव जागच्या जागी राहिली तर दोष दाबाचा आहे. दाबच कमी असेल तर पुढचे गणितही मिळते. साध्या ड्रीपरमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो; म्हणून प्रवाह ८० टक्के राहिला याचा अर्थ दाब सुमारे ६४ टक्के उरला. दाबाचा फरक झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारे ड्रीपर का काढावे लागले, हेही मग सांगावे लागत नाही.

अदलाबदलीच्या या एका कृतीत वैज्ञानिक पद्धतीचे मर्म आहे : दोन संशयितांपैकी एकालाच हलवावयाचे आणि दोष कोणामागे जातो ते पाहावयाचे. पंप, विजेची जोडणी, सायकल यांच्या दुरुस्तीत उत्तम मिस्त्री हेच करीत असतो. शाळेने त्याच्यापासून हे शिकावे आणि त्याला जे लिहून मांडता येत नाही ते मांडण्याची भाषा विद्यार्थ्याला द्यावी.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला, मोठ्या वर्गांत हे शक्य नाही. याला उत्तर असे की वरील दोन्ही पाठ गटांनी करावयाचे आहेत, आणि गटागटांच्या उत्तरांत तफावत येणे हेच त्यांचे साधन आहे. दुसरा, पाटावर व शेतात नेण्यात जोखीम आहे. ती आहेच. म्हणून उथळ पाट, मालकाची संमती व शिक्षकाची उपस्थिती यांविषयी तडजोड नसावी. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : परीक्षेत याला गुण कोठे? जोपर्यंत बरोबर उत्तरालाच गुण आहेत तोपर्यंत कोणताही शहाणा विद्यार्थी आपली चूक वहीत ठेवणार नाही. म्हणून आमची सूचना एवढीच की, प्रयोगवहीत पहिला अंदाज खोडू न देता राखावा, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष माप लिहावे, आणि दोहोंतील अंतराच्या कारणमीमांसेला गुण द्यावेत. अशी वही दुसऱ्याची उतरवून घेता येत नाही. कारण प्रत्येकाची चूक निराळी असते.

या पद्धतीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. पाट मोजून वेल्डिंग येत नाही, की ड्रीपर तपासून लेथ चालविता येत नाही. हातकौशल्यासाठी कर्मशाळा व कसबी निदेशक यांना पर्याय नाही. आमचा आग्रह असा की, कर्मशाळेतील बिघडलेला तुकडाही असाच वाचला जावा.

यात केवळ अध्यापनशास्त्राची बाब गुंतलेली नाही. खानदेशातून कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेकडे जातात. तेथील यंत्रांवर उभ्या राहणाऱ्या मुलाने यंत्र बंद पडताच दुसऱ्याला हाक मारावयाची, की दोष स्वतः शोधावयाचा, यावर त्याची मजुरी आणि त्याचा मान दोन्ही अवलंबून असतात. कमी गुण मिळालेल्यांनी तंत्रविषयाकडे वळावे, हा समज समाजात रूढ आहे. तो उपदेशाने जाणार नाही. कोणत्याही वर्गातील सर्वांत कठीण प्रश्न तंत्रविषयाच्या तासाला विचारला जाऊ लागेल, तेव्हा तो आपोआप गळून पडेल.