लॉग कॅबिन : तांबड्या चौकोनाभोवतीचे घर

अमेरिकेत तुकडे जोडून केलेल्या गोधड्यांचे शेकडो नमुने आहेत. त्यांत सर्वांत कमी साहित्यात सर्वांत जास्त बोलणारा नमुना म्हणजे ‘लॉग कॅबिन’. यादवी युद्धाच्या (१८६१–६५) आगेमागे तो तिकडे घरोघरी पसरला. ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला अब्राहम लिंकन त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होता. ओंडक्यांचे घर ही कष्टाच्या, सच्च्या आयुष्याची खूण मानली जाई आणि या नमुन्यात ते घर कापडाच्या पट्ट्यांनी उभे राहते.

रचना सांगायला सोपी आहे. मधोमध एक चौकोन, परंपरेने तांबडा. तो घरातला पेटता विस्तव, असे सांगत आले आहेत. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडायची, चौकोन वळवून शेजारच्या बाजूला दुसरी, मग तिसरी, चौथी. पहिल्या दोन फिक्या, पुढच्या दोन गडद. एक फेरा पुरा झाला की त्याच क्रमाने पुढचा. समजा, मधला चौकोन दोन इंची आणि पट्टी एक इंच रुंदीची. पहिल्या फेऱ्यातल्या पट्ट्यांची लांबी २, ३, ३, ४ इंच येते, दुसऱ्यात ४, ५, ५, ६ आणि तिसऱ्यात ६, ७, ७, ८. तीन फेऱ्यांत तेरा तुकड्यांचा आठ इंची ब्लॉक तयार होतो.

आता यातली खरी गंमत पाहा. आपण म्हणतो, ब्लॉक अर्धा उजळ, अर्धा काळोखा. पण हिशेब केला तर फिका भाग २७ चौरस इंच भरतो आणि गडद ३३. गडद पट्ट्या प्रत्येक फेऱ्यात नंतर येतात, म्हणून लांब असतात. सर्वांत लांब पट्टी शेवटची आणि तीही गडदच. उजेडाला अंधाराने किंचित जास्त वेढलेले असते, आणि त्यामुळेच आतला तांबडा चौकोन उबदार वाटतो. सुरुवात गडद पट्टीने केली, तर हे माप उलटते आणि घर मोकळ्या माळावर आल्यासारखे दिसते. पहिली पट्टी कुठली, या एका निर्णयावर साऱ्या गोधडीची वृत्ती ठरते.

हाताने शिवताना पुष्कळ जुन्या गोधड्यांत पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडलेल्या नसत. खाली पातळ, जुन्या कापडाचा चौकोन घेत. नवी पट्टी आधीच्या पट्टीवर सुलट बाजू खाली करून ठेवायची, पाव इंच माया सोडून तिन्ही थरांतून धावदोरा घालायचा, मग पट्टी उलटून नखाने दाबून बसवायची. दोरा जास्त ओढला तर पट्टी चुणते, सैल सोडला तर तोंड वासते. पहिल्या फेऱ्यात सुताएवढे वाकडे गेले तर ते तिसऱ्या फेऱ्यापर्यंत पुढे सरकत जाते. टाके पुढून दिसत नाहीत. दिसतात ते मागून. अस्तर न लावलेला एखादा जुना ब्लॉक उलटून पाहायला मिळाला तर अवश्य पाहावा. धावदोऱ्याच्या रेघा आतून बाहेर सरकत जातात आणि बाईने कोणता तुकडा कधी जोडला, त्याचा क्रम तिथे वाचता येतो. पायाच्या कापडामुळे जाडी वाढते, म्हणून अशा अनेक गोधड्यांत दाट टाके न घालता थर ठिकठिकाणी दोऱ्याने नुसते बांधलेले असतात. आपल्या गोधडीत दोऱ्याच्या ओळी हीच शोभा असते. इथे सगळा भार पट्ट्यांनी उचललेला असतो.

रंगांपेक्षा छटांवर चालणारी ही कला आहे. लाल, निळा, तपकिरी काहीही चालेल. तो शेजारणीपेक्षा गडद आहे की फिका, एवढेच महत्त्वाचे. मधल्या छटेची राखी चिंधी काळ्याजवळ उजळते, पांढऱ्याजवळ मावळते. म्हणून जुन्या सदऱ्यांच्या नि झग्यांच्या उरलेल्या चिंध्याही इथे सन्मानाने बसल्या. डोळे किलकिले करून पाहिले की रंग मागे पडतात आणि छटांचा तोल उघडा होतो.

आणि एक ब्लॉक म्हणजे अजून गोधडी नव्हे. तेच ब्लॉक फिरवून मांडले की एकात एक चौकटी उमलतात. त्या मांडणीला धान्यकोठार उभारण्याच्या सामुदायिक कामाचे, ‘बार्न रेझिंग’चे नाव आहे. वेगळे फिरवले की नांगरटीच्या तिरक्या सऱ्या पडतात, ती ‘स्ट्रेट फरो’. चार फिके कोपरे एकत्र आणले की ऊन-सावली. मोजक्या स्वरांत राग मांडावा, तशी ही बढत आहे. सगळे ब्लॉक शिवून झाल्यावरही जमिनीवर पसरून चित्र बदलता येते; शेवटचा निर्णय शेवटपर्यंत हातात राहतो.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, तेव्हा चित्रकलेच्या जगाचे तिकडे लक्ष गेले. पुढे २००२ साली अलाबामातल्या जीज बेंड या, तीन बाजूंनी नदीने वेढलेल्या गावातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीमध्ये मांडल्या गेल्या. तिथला ‘हाउसटॉप’ लॉग कॅबिनचाच सख्खा नातलग. मधल्या तुकड्याभोवती पट्ट्यांचे फेरे तेच, पण कित्येकदा सबंध गोधडी हाच एक भलामोठा ब्लॉक. पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या, कोन मोकळे, आणि तरी तोल पक्का. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने जीज बेंडच्या गोधड्यांची तिकिटे काढली.

भिंतीवरच्या मानाने या गोधड्यांना न्याय मिळाला, पण लांबून पाहून त्यांचा अर्धाच आस्वाद हाती येतो. लांबून मांडणी दिसते. पट्टीचे वय, टाक्याचा ताण, पहिली पट्टी फिकी की गडद हे जवळूनच कळते. दोन्ही अंतरांवर सारखीच टिकणारी, आणि तीही तेरा चिंध्यांतून उभी राहणारी रचना म्हणून लॉग कॅबिनची गणना थोर रचनांतच करायला हवी.