वडिलांच्या खांद्यावरून दिसलेला रस्ता

रॉबर्ट पर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक 1974 साली आलं. त्याआधी 121 प्रकाशकांनी ते परत पाठवलं होतं. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि तत्त्वज्ञानाचं लोकप्रिय पुस्तक म्हणून त्याची जगभर ख्याती झाली. ती ख्याती खोटी नाही. गुणवत्ता म्हणजे काय, माणूस आणि यंत्र यांच्यात दुरावा का आला, हे प्रश्न त्यात तळमळीने विचारलेले आहेत. तरीही मला हे आधी एका बापलेकांच्या प्रवासाचं पुस्तक वाटतं. त्यातल्या साऱ्या विचारांची परीक्षा होते ती अगदी शेवटी, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर.

प्रवास खराखुरा आहे. जुलै 1968 मध्ये पर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनिआपोलिसहून निघाले. दुसऱ्या मोटरसायकलवर जॉन आणि सिल्व्हिया हे स्नेही जोडपं. डाकोटातली सपाट माळरानं ओलांडून चौघं मोंटानातल्या बोझमन गावापर्यंत एकत्र जातात. तिथून जोडपं मागे फिरतं आणि बापलेक दोघेच आयडाहो, ओरेगनमार्गे प्रशांत महासागर गाठून सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने उतरतात. महामार्ग टाळायचे आणि आडवाटांनी जायचं, असा त्यांचा नेम. मोटारीत बसलं की खिडकीची चौकट आड येते आणि बाहेरचं जग टीव्हीवरच्या चित्रासारखं सरकत राहतं. मोटरसायकलवर ती चौकट नसते, आपण त्या जगातच असतो, असं निवेदक पहिल्याच प्रकरणात सांगतो.

चौकट नसते, हे त्याच्यापुरतं खरं. मागे बसलेल्या मुलाच्या समोर मात्र सतत एक आडोसा आहे, वडिलांच्या पाठीचा. पुस्तकाची सुरुवात पाहा. सकाळची वेळ, दलदलीचा प्रदेश, तिथल्या पाणथळीत लाल पंखांचे काळे पक्षी. वडिलांना ते पाहून इतका आनंद होतो की ते मागे हात नेऊन मुलाच्या गुडघ्यावर थाप मारतात आणि ओरडून पक्षी दाखवतात. मुलाला आधी ऐकूच येत नाही. मग तो म्हणतो, असले खूप पाहिलेत मी. वडील मनाशी समजूत घालतात की या आनंदासाठी थोडं वय वाढावं लागतं. प्रसंग किरकोळ वाटतो, पण या दोघांची सगळी अडचण त्यात आली आहे. कधी आणि काय पाहायचं ते पुढे बसलेला ठरवणार, आणि मागच्याला ते उशिरा, अर्धवट, वाऱ्यात विरलेलं पोचणार. स्कूटरवर आईवडिलांच्या मागे बसून ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इंजिनचा आवाज आणि वारा यांमुळे गाडीवर गप्पा होत नाहीत. म्हणून निवेदक मनातल्या मनात एक व्याख्यानमाला सुरू करतो. तिला तो 'शटाक्वा' म्हणतो. एकेकाळी अमेरिकेत गावोगाव तंबू ठोकून लोकशिक्षणाची व्याख्यानं होत, त्यांचं हे नाव. ही व्याख्यानमाला बत्तीस प्रकरणांच्या पुस्तकात जवळजवळ अखेरपर्यंत चालते. पर्सिग यांच्या रचनेतलं मर्म मला इथे दिसतं. वडील जे काही सांगतात ते आपल्याला, वाचकांना. मागच्या सीटवरच्या मुलाला त्यातलं काहीच ऐकू जात नाही. परक्या वाचकाला या माणसाचं अंतरंग मुलापेक्षा जास्त कळतं. पुस्तक जसजसं पुढे जातं तसतसं हे ज्ञान आपल्याला जड होत जातं.

कारण वडील एक गोष्ट लपवत आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना मनोरुग्णालयात ठेवलं होतं, विजेचे झटके दिले होते. त्याआधी जो माणूस या देहात राहत होता त्याला निवेदक प्लेटोच्या संवादातलं 'फीड्रस' हे नाव देतो आणि त्याच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलतो. फीड्रस बुद्धीने जहाल. तो बनारस हिंदू विश्वविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञान शिकायला आला होता. जग ही माया आहे असं प्राध्यापक सांगत असताना त्याने विचारलं, हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही मायाच का? प्राध्यापक हसून हो म्हणाले. त्यानंतर तो वर्गातून उठला आणि भारतातूनही निघून गेला. न पटणारं उत्तर देणाऱ्या माणसापुढून उठून जाणारा हा फीड्रस लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याच मुलाचा प्रश्न त्याच्या वाट्याला येणार आहे.

मोटरसायकलच्या दुरुस्तीची पानं हा या पुस्तकातला मोठा आनंद आहे. एकदा इंजिन जाम होतं म्हणून गाडी गॅरेजमध्ये दिली जाते. तिथे रेडिओ मोठ्याने चालू आहे, मेकॅनिक कामात आहेत आणि नाहीतही. दुरुस्तीवर दुरुस्ती होते, नव्या खोड्या निघतात. अखेर मूळ दोष मालकालाच सापडतो: वरच्या भागाला तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतली एक पिन तुटली होती, किंमत पंचवीस सेंट. दुसऱ्या एका प्रसंगी जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होऊन फिरतं. निवेदक सुचवतो की बियरच्या कॅनचा पत्रा कापून पॅकिंग घालू. अॅल्युमिनियमचा तो मऊ पत्रा या कामाला उत्तम. जॉनला हा आपल्या महागड्या गाडीचा अपमान वाटतो. एकाला पत्र्यात त्याचा गुणधर्म दिसतो, दुसऱ्याला बियरचा डबा. कामात जीव ओतणं म्हणजे काय, हे या दोन प्रसंगांतून जितकं कळतं तितकं पानंच्या पानं विवेचन करूनही कळलं नसतं.

पण हाच माणूस, ज्याला इंजिनच्या आवाजातला बारीकसा फरक ऐकू येतो, त्याला मागे बसलेल्या मुलाचं दुखणं ऐकू येत नाही. ख्रिसच्या पोटात वारंवार दुखतं. डॉक्टरांना शरीरात दोष सापडत नाही. ही मानसिक आजाराची सुरुवात असू शकते, असं निदान आहे. वडील हे जॉन-सिल्व्हियाला सांगतात, आपल्याला सांगतात, ख्रिसशी मात्र त्याविषयी बोलत नाहीत. झाकणाचा एकच स्क्रू अडकून बसला तर त्या क्षणी त्याची किंमत अख्ख्या गाडीइतकी होते, अशा वेळी घाई न करता अडलेल्या जागेकडे नीट पाहावं, असं ते सुंदर विवेचन करतात. आईला पत्र लिहिताना ख्रिस अडतो तेव्हा युक्तीही सांगतात: आधी काय सांगायचं ते सुटं लिहून काढ, क्रम नंतर लाव. पण त्यांचा मुलगाच एका जागी अडकला आहे, आणि तिथे हे कसब वापरायचं त्यांना सुचत नाही. पर्सिग यांनी हा विरोध कुठेही बोलून दाखवलेला नाही. प्रसंग शेजारी शेजारी मांडले आहेत, एवढंच.

समुद्र पुस्तकात फार उशिरा येतो, पण त्याची चाहूल आधीच लागते. निवेदकाला पुन्हा पुन्हा एक स्वप्न पडतं. काचेचा दरवाजा, पलीकडे ख्रिस, तो दार उघड म्हणून खुणावतो. अशाच एका स्वप्नात वडील त्याला ओरडून सांगतात की आपण भेटू, समुद्राच्या तळाशी. तिथपासून प्रत्येक मैल किनाऱ्याकडे ओढत नेतो, आणि त्या ओढीत धास्ती आहे.

उत्तर कॅलिफोर्नियात लेगेट नावाचं लहान गाव आहे. किनाऱ्याचा प्रसिद्ध हायवे वन तिथून सुरू होतो, वळणावळणांनी डोंगर उतरून समुद्राला भिडतो आणि दक्षिणेकडे हजार किलोमीटरहून जास्त जातो. लेगेटला बापलेक बदकांच्या तळ्याशी थांबतात. खाऊ विकत घेतात आणि बदकांना टाकतात. मुलगा हे इतक्या उदासपणे करतो, की इतकं दुःखी होऊन कुणाला असं करताना पाहिलं नाही, असं निवेदक म्हणतो. सहलीत करायच्या साऱ्या गोष्टी होत आहेत आणि सहल मेलेली आहे. दुसऱ्या लेखकाने इथे अश्रू आणले असते. पर्सिग बदकं आणतात.

मग डोंगरातला वळणांचा रस्ता, अंगावर आलेलं दाट धुकं आणि मेंडोसिनोचा उघडा, रानटी किनारा. उंच कड्यापाशी दोघं थांबतात. वडील अखेर सांगतात की मी वेडा होतो, कदाचित पुन्हा होईन, तुला बसने घरी पाठवतो. मुलगा जमिनीवर कोसळून अंगाचं मुटकुळं करून विव्हळू लागतो. आणि मग तो प्रश्न येतो: तुम्ही आम्हाला सोडून का गेलात? दार का उघडलं नाहीत? वडील विचारतात, कोणतं दार? काचेचं! तेव्हा उलगडतं की ते स्वप्न नव्हतंच. रुग्णालयातला तो दरवाजा खरा होता, आणि पलीकडे उभ्या असलेल्या लहान मुलाने आजवर असंच धरलं होतं की बाबांना आपल्याला भेटायचंच नव्हतं. त्याच्या पोटदुखीचं मूळ तिथे होतं. तुम्ही खरंच वेडे होतात का, असं तो विचारतो. वडील नाही म्हणतात. ते मला माहीत होतं, असं मुलगा म्हणतो. ग्रीक तत्त्ववेत्त्यांशी झुंजलेल्या या माणसाला आयुष्यातलं सर्वांत मोठं उत्तर एका शब्दात द्यावं लागतं, आणि ते तो देतो.

इथून पुढे पुस्तकाचा सूरच बदलतो. वाक्यं आखूड होतात, व्याख्यान थांबतं, दोघं बोलू लागतात. मोठा झालो की मला मोटरसायकल मिळेल का, असं ख्रिस विचारतो. काळजी घेणार असशील तर, असं वडील सांगतात. मग मुलगा फूटरेस्टवर उभा राहतो आणि म्हणतो की आता सगळं वेगळंच दिसतंय, आजपर्यंत तुमच्या खांद्यावरून पलीकडचं कधी दिसलंच नव्हतं. पहिल्या प्रकरणात पक्षी वडील दाखवत होते. आता काय दिसतं ते मुलगा सांगतो आहे आणि वडील ऐकत आहेत. हे घडायला काय लागलं? सीटवरून वीतभर उंच होणं. ते आधी का झालं नाही, याचं उत्तर कड्यावरच्या संवादात आहे. दार उघडल्याशिवाय मुलाला उभं राहण्याचं धैर्य आलं नसतं.

पुस्तकात उणिवा आहेत. फीड्रसच्या शिकागो विद्यापीठातल्या वादाची प्रकरणं लांबली आहेत. मुलाची आई जवळजवळ अदृश्य आहे. जिला पत्र लिहायचं ती बाई कशी आहे हे आपल्याला कळत नाही. आणि अखेरीचा आशावादही पुढे घडलेल्या घटनेमुळे वाचवत नाही. 17 नोव्हेंबर 1979 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला. त्याचा तेविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. ज्या शहराच्या दिशेने पुस्तकाचा शेवटचा रस्ता उतरतो, तेच हे शहर. पर्सिग यांनी 1984 च्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरलेखात हे लिहिलं आहे. तरीही तो शेवट मला फसवा वाटत नाही. किनाऱ्यावर त्या दोघांना मिळालं ते भविष्याचं अभय नव्हतं, एकमेकांशी खरं बोलता येणं होतं. ते मिळालं आणि ते टिकलं.

त्या प्रवासातली होंडा सुपर हॉक आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुस्तक मात्र संग्रहालयात ठेवण्याजोगं झालेलं नाही. अनेक वाचक मधल्या तत्त्वचर्चेत अडखळून ते अर्धवट सोडतात. त्यांना माझी विनंती आहे: हवं तर ती पानं चाळत पुढे जा, पण लेगेटच्या तळ्यापासून शेवटपर्यंतचा मजकूर एका बैठकीत वाचा. नंतर सोडलेल्या पानांकडे परत या. ती व्याख्यानं कुणाला ऐकवायची राहून गेली होती हे एकदा कळलं, की त्यांतलं एकही पान कोरडं वाटत नाही.