प्रथिनातील शेजार : संपर्क-नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

प्रथिनाचे चित्र म्हटले की आज डोळ्यांसमोर रंगीत फिती येतात. अमेरिकेतील जेन रिचर्डसन यांनी १९८१ साली प्रथिनांच्या रचनांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा अशी चित्रे त्यांनी हाताने काढली होती. हेलिक्स म्हणजे मळसूत्री भाग वेटोळ्या फितीने, तर ताणलेला भाग बाणाने दाखवायचा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. चित्र देखणे आहे यात शंका नाही. पण त्यात फितींच्या मधली जागा रिकामी दिसते आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रथिन म्हणजे एक पोकळ पिंजरा. प्रत्यक्षात त्या जागेत अमायनो आम्लांच्या पार्श्वशाखा दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि साखळीची घडी टिकते ती मुख्यतः या दाटीमुळे.

कोण कोणाच्या शेजारी आहे हे दाखवणारे चित्र वेगळे आहे. त्याला संपर्क-नकाशा म्हणतात. रस्त्यांच्या नकाशामागे गावागावांतील अंतरांचा जो चौकोनी तक्ता असतो, त्याचाच हा भाऊबंद. साखळीतील प्रत्येक अमायनो आम्लाला (साखळीत जोडल्यावर त्याचा जो भाग उरतो त्याला आपण ‘घटक’ म्हणू) क्रमांक द्यायचा, हे क्रमांक आडव्या आणि उभ्या बाजूंवर मांडायचे, आणि जे दोन घटक अवकाशात जवळ असतील त्यांच्या चौकटीत ठिपका द्यायचा. हेलिक्समध्ये प्रत्येक घटक आपल्यापुढील तिसऱ्या आणि चौथ्या घटकाजवळ येतो, म्हणून तेथे कर्णालगत जाड पट्टा दिसतो. खरी गंमत कर्णापासून दूरच्या ठिपक्यांत असते. गाईच्या स्वादुपिंडातून मिळणाऱ्या ट्रिप्सिनरोधक या ५८ घटकांच्या छोट्या प्रथिनात ५ वा आणि ५५ वा घटक गंधकाच्या बंधाने एकमेकांना जोडलेले आहेत. साखळीची दोन टोके अशी गाठीत बांधलेली असतात, हे नकाशाच्या कोपऱ्यातला एक ठिपका सांगून जातो.

या नकाशाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा आली आहे. उत्क्रांतीच्या ओघात जे घटक जोडीने बदलतात ते बहुधा एकमेकांजवळ असतात, या विचारातून संपर्क ओळखण्याच्या पद्धती निघाल्या. संगणकाने प्रथिनांची घडी वर्तवण्यात २०२० साली जे मोठे यश मिळाले आणि ज्याचा २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला, त्याच्या पायाशी हा विचार आहे. आता महाविद्यालयीन विद्यार्थीही तासाभरात असा नकाशा काढतात. माझी तक्रार नकाशाविरुद्ध नाही. तो छायाचित्र असल्यासारखा छापला आणि शिकवला जातो, ही माझी तक्रार आहे. ठिपका निसर्गाने दिलेला नसतो. ‘जवळ’ म्हणजे किती, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते, आणि नकाशाखाली बहुधा ते लिहिलेले नसते.

शाळेच्या अंगणात हे सहज पाहता येईल. एका लांब दोरीला दर ३८ सेंटिमीटरवर गाठ मारा. वीस मुलांनी एकेक गाठ एका हाताने छातीशी धरावी आणि दोरी वेडीवाकडी करून उभे राहावे. येथे १० सेंटिमीटर म्हणजे १ अँगस्ट्रॉम, अर्थात एका मीटरचा हजार कोटीवा भाग. गाठ हा त्या घटकाचा अल्फा कार्बन. साखळीत लागून असलेल्या दोन अल्फा कार्बनांमध्ये ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असते. मुलाचा मोकळा हात ही पार्श्वशाखा. ज्याला ग्लायसीन व्हायचे त्याने हात दुमडून घ्यावा, आर्जिनीनने पूर्ण लांबवावा. पुष्कळ नकाशांत अल्फा कार्बनांमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असले की ठिपका देतात. तेव्हा ८० सेंटिमीटरची काठी घ्या आणि गाठी मोजा. पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन मुले काठीच्या आत येतात. त्यांचे हात विरुद्ध दिशांना आहेत, तरी नकाशात त्यांचा ‘संपर्क’ लागतो. समोरासमोर हात लांबवून एकमेकांची बोटे धरलेल्या दोन मुलांच्या गाठी मात्र सव्वा मीटर दूर असतात. त्यांच्या वाट्याला ठिपका येत नाही. प्रथिनात धन भाराचे आर्जिनीन आणि ऋण भाराचे ग्लुटामिक आम्ल एकमेकांना अशाच लांब हातांनी धरतात, आणि हा बंध ८ अँगस्ट्रॉमच्या नकाशातून निसटू शकतो.

यावर उपाय म्हणून काही जण हायड्रोजन वगळून बाकी कोणत्याही दोन अणूंमधील अंतर ४.५ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आहे का ते पाहतात. मियाझावा आणि जर्निगन यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पार्श्वशाखांचे मध्य घेतले आणि मर्यादा ६.५ ठेवली. प्रत्येक व्याख्येमागे काही कारण आहे. पण एकच प्रथिन तीन व्याख्यांनी तीन नकाशे देते. शिवाय क्ष-किरणांनी २ अँगस्ट्रॉम पृथक्करणावर मिळवलेल्या चांगल्या रचनेतही अणूंच्या जागा साधारण ०.२ ते ०.३ अँगस्ट्रॉमनी इकडेतिकडे असू शकतात. मग ४.४९ ला ठिपका आणि ४.५१ ला कोरी चौकट, याला काय अर्थ उरतो?

याबाबतीत आदर्श हवा असेल तर फार दूर जायला नको. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली साखळीचे कोणते पीळ शक्य आहेत याचा जो नकाशा दिला, तो मुळात संपर्कांचाच विचार होता. न जोडलेले दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? त्यांनी प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा धरल्या. दोन कार्बन अणूंसाठी सर्वसाधारण मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम, आणि अगदी टोकाची ३.०. दोन्ही मर्यादांचे परिणाम त्यांनी वेगवेगळ्या रेषांनी दाखवले. निकाल कोठे पक्का आहे आणि कोठे निवडीवर अवलंबून आहे, हे वाचकाला चित्रावरूनच कळते. साठ वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचले त्यांच्याकडे आजच्यासारखा संगणक नव्हता. आमच्याकडे तो आहे आणि आम्ही एकच रेष काढतो.

संपर्कांची नुसती संख्या मोजणे हा आणखी एक दोष. ट्रिप्टोफॅनच्या घटकात हायड्रोजन सोडून १४ अणू असतात, ग्लायसीनमध्ये ४. ट्रिप्टोफॅनचे संपर्क अधिक भरणार हे ओघानेच आले. तसेच पन्नास मुलांच्या वर्गात वीस पाटील असतील तर पाटलाशेजारी पाटील वारंवार दिसेल. त्यावरून पाटलांचे पाटलांशी विशेष सख्य आहे असे म्हणता येत नाही. बाके चिठ्ठ्या टाकून दिली असती तर अशा किती जोड्या दिसल्या असत्या, हे आधी काढावे लागते. प्रथिनांत ल्युसीन विपुल असते, म्हणून तेथेही हाच हिशेब लागतो.

पण मला हे लिहायला भाग पाडले ते एका वेगळ्याच प्रश्नाने. गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात मी संपर्क-नकाशांचे प्रात्यक्षिक ठेवले होते. नंदुरबार जिल्ह्यातून आलेल्या एका सरांनी हिमोग्लोबिनची बीटा साखळी निवडली. त्यांच्या वर्गात सिकलसेलची मुले होती. सर्वसाधारण हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचे हिमोग्लोबिन यांचे दोन नकाशे त्यांनी कागदावर छापले, एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले आणि विचारले, “सर, यात फरक कुठे आहे?”

फरक दिसत नव्हताच. बीटा साखळीत १४६ घटक, म्हणजे जोड्या १०,५८५. त्यांपैकी सहाव्या घटकाच्या जोड्यांत फार तर एखाददुसरा ठिपका इकडेतिकडे. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते हे पाठ्यपुस्तकात असते. इंग्रम यांनी १९५० च्या दशकात ते शोधले. पण पुढचे वाक्य बहुधा असे असते : ‘त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो व पेशी विळ्यासारखी होते.’ हे वाक्य बरोबर नाही. साखळीची घडी जवळजवळ तशीच राहते, आणि सरांच्या हातातील दोन कागद नेमके तेच सांगत होते. नकाशा चुकला नव्हता. आपण त्याला एकाच साखळीपुरता प्रश्न विचारला होता.

सहावा घटक रेणूच्या पृष्ठभागावर असतो. ग्लुटामिक आम्ल भारित असल्याने पाण्यात सुखी असते. व्हॅलीन पाणी टाळू पाहते. त्याला जागा मिळते ती शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवर. तेथील बीटा साखळीत ८५ व्या फिनिलॲलनीनजवळ आणि ८८ व्या ल्युसीनजवळ एक खोबण आहे. ऑक्सिजन सोडून दिलेल्या रेणूत ही खोबण व्हॅलीनला सामावून घेते. ऑक्सिजन घेतलेल्या रेणूत तिचा आकार त्याला सोयीचा नसतो. म्हणूनच हा त्रास ऑक्सिजन कमी झाल्यावर उफाळतो. रेणूला रेणू लागतो, दुहेरी माळ तयार होते, अशा सात दुहेरी माळांचा, म्हणजे चौदा पदरांचा, दोर वळला जातो आणि पेशी ताठरते. प्रत्येक रेणूत अशी व्हॅलीने दोन. पण दुहेरी माळेतील या खोबणीत त्यांतले एकच बसते. १९७५ च्या सुमारास स्फटिकांच्या अभ्यासातून हे चित्र उभे राहू लागले, आणि १९९७ साली २.०५ अँगस्ट्रॉमच्या रचनेने ते अधिक स्पष्ट केले.

म्हणजे रोगाचा ठिपका त्या चौकोनात नव्हताच. तो दोन वेगळ्या रेणूंमधला आहे आणि शेजारी रेणू सोबत ठेवून, ऑक्सिजनविना असलेल्या अवस्थेत मोजल्याशिवाय तो उमटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तसा नकाशा काढला : एका बाजूला एका रेणूची साखळी, दुसऱ्या बाजूला शेजारच्याची. बहुतेक कागद कोरा होता. सहाच्या रांगेत ८५ आणि ८८ पाशी ठिपके आले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

या कोपऱ्यातील एक घटक मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ८५ आणि ८८ यांच्या मध्ये, ८७ व्या जागी, आपल्या प्रौढ हिमोग्लोबिनात थ्रिओनीन असते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनात त्या जागी ग्लुटामीन असते. गर्भाचे हिमोग्लोबिन या दोराच्या वळणाला अडथळा करते, त्याच्या कारणांपैकी हे एक. मग प्रौढ साखळीतच ८७ व्या जागी ग्लुटामीन घातले तर? तसे जनुक रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत घालून त्या परत देण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. जाहीर किंमत ३१ लाख डॉलर. भारताने त्याच वर्षी जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली; तिचा भर रक्ततपासणी आणि समुपदेशनावर आहे. नंदुरबारच्या मुलांपर्यंत सध्या पोहोचते ती ही तपासणी. सरांनी जाताना मला विचारले होते की ८७ व्या जागेबद्दल मुलांना सांगू का, आणि सांगितले तर किंमतही सांगू का. मी म्हणालो, दोन्ही सांगा.