संमीलन ऊर्जेतील सूक्ष्मतरंग तापन आणि कार्यक्षमतेचा हिशेब : एक चिकित्सा

प्रस्तावना :

अणुकेंद्रांच्या संमीलनातून ऊर्जा मिळविण्याच्या संशोधनात 'क्यू' हे गुणोत्तर यशाचा मापदंड मानले जाते. संमीलनातून निघालेल्या शक्तीला प्लाझ्मात बाहेरून घातलेल्या तापनशक्तीने भागले की ते मिळते. फ्रान्समधील 'आयटर' प्रकल्पाचे उद्दिष्ट 50 मेगावॅट घालून 500 मेगावॅट मिळविण्याचे, म्हणजे क्यू 10 चे आहे. मात्र ते 50 मेगावॅट प्लाझ्मापर्यंत पोहोचविण्यासाठी किती वीज खर्चावी लागते, याविषयी हे गुणोत्तर मौन बाळगते. प्रस्तुत लेखात या मौनाची चिकित्सा केली आहे.

वडवणीच्याच जिल्ह्यातील परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राचा हिशेब या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. जनित्रापाशी मोजलेली वीज आणि केंद्राबाहेर पडलेली वीज या दोन निरनिराळ्या नोंदी असतात. पंप, पंखे व कोळशाच्या चक्क्या यांचा खर्च मधल्या मध्ये वजा होतो. (2013 मध्ये हे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, ती किंमत अर्थात कोणत्याच टक्केवारीत बसत नाही.)

विवेचन :

सूक्ष्मतरंग तापनाचे मुख्य साधन म्हणजे गायरोट्रॉन ही निर्वात नळी. तीव्र चुंबकीय क्षेत्रात मळसूत्राप्रमाणे फिरणारे इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग तरंगांना देतात. उरलेली ऊर्जा संग्राहकावर आदळून उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संग्राहकाला विरोधी विभव देऊन इलेक्ट्रॉन आधीच मंद केले, तर तिचा काही भाग परत मिळतो आणि कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या आसपास जाते. जपानी संशोधकांनी 2007 मध्ये 170 गिगाहर्ट्झच्या नळीतून 1 मेगावॅट शक्ती 800 सेकंद मिळविली, ती 55 टक्के कार्यक्षमतेने. त्यासाठी त्यांनी नळी अशा स्थितीत चालविली की जेथे आंदोलन आपोआप सुरू होत नाही. आधी ते सुरू करून मग चालू अवस्थेतच नियंत्रण बदलावे लागते. ही कामगिरी असामान्य होती यात शंका नाही. तथापि 55 हा आकडा नळीचा आहे, संपूर्ण यंत्रणेचा नव्हे.

आयटरच्या मूळ आराखड्यात 1 मेगावॅटचे 24 गायरोट्रॉन होते आणि प्लाझ्मात पोहोचणारी शक्ती 20 मेगावॅट धरली होती. म्हणजे तरंगनलिका व आरसे यांच्या वाटेतच सहावा हिस्सा गळतो. नळीची कार्यक्षमता 50 टक्के धरल्यास 48 मेगावॅट वीज लागते. वीजपुरवठा यंत्रणेतील घट मिळविली की हा आकडा सुमारे 50 वर जातो. हाती उरते ती जेमतेम 40 टक्के. सर्व 50 मेगावॅट याच मार्गाने द्यायचे ठरविले, तर 125 मेगावॅट वीज हवी. 500 मेगावॅट उष्णतेची एक तृतीयांश वीज झाली असे मानले, तर सुमारे 165 मेगावॅट मिळतील आणि त्यातील तीन चतुर्थांश तापनच गिळून टाकील. अतिवाहक चुंबकांचे शीतन यात धरलेलेच नाही.

आयटर हा प्रयोग आहे, वीजकेंद्र नव्हे. तेथे वीज निर्माण होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु 2024 च्या सुधारित आराखड्यात सूक्ष्मतरंग तापन 40 मेगावॅट व पुढे त्याहूनही अधिक करण्याचा प्रस्ताव आला. त्यामुळे या हिशेबाचे महत्त्व वाढले आहे. नळीची कार्यक्षमता 50 वरून 60 टक्क्यांवर नेल्यास मूळ 24 नळ्यांमागेच 8 मेगावॅट वाचतात. यासाठी बहुस्तरीय संग्राहकांचे संशोधन चालू आहे. ते क्यू वाढविण्याच्या प्रयत्नांइतके गाजत नाही, कारण क्यूमध्ये त्याचे प्रतिबिंबच पडत नाही.

भारतात 'आदित्य' टोकामॅकसाठी 42 गिगाहर्ट्झ, 200 किलोवॅटचा गायरोट्रॉन घडविण्याचा संयुक्त प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात पिलानी, गांधीनगर, वाराणसी व रूडकी येथील संस्थांसोबत मुंबईची 'समीर' ही संस्था सहभागी होती. अशा नळीचे मूल्यमापन करताना निर्गम शक्तीबरोबर विद्युतजालातून घेतलेली वीजही त्याच तक्त्यात, शेजारच्या स्तंभात छापली जावी.