आधी बघू तर दे!

खंडेनवमीला कोल्हापुरात लेथपासून लुनापर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ मिळते, आणि त्याआधी अंघोळ. दुसऱ्या दिवशी छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तिच्या रंगाची झळाळी पाहतात. जुन्या गाड्यांच्या दर्दी माणसाचं तेवढ्यावर समाधान होत नाही. तो म्हणतो, बॉनेट उघडा.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या हातची इंजिनाची धुलाई पाहिली. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीची. मदतनीस पोरगं पाइप घेऊन तयारच होतं. मिस्त्री म्हणाले, "थांब की! आधी बघू तर दे." त्यांच्या कामाची खरी गोडी इथेच आहे. टॅपेट कव्हरच्या कडेने ओघळलेला काळा, चिकट पट्टा म्हणजे पॅकिंगने दम सोडलाय. होजच्या तोंडाशी पांढरट-हिरवट खुणा, म्हणजे कूलंट पाझरून वाळलंय. पण त्यांना खटकला तो इंजिनावरच्या फ्युएल पंपाजवळचा स्वच्छ ठिपका. आजूबाजूला बोटभर मळ आणि तेवढीच जागा धुतल्यासारखी, कारण तिथून पेट्रोल झिरपत होतं. घाणीत घाण नसलेली जागा हेरणाऱ्या या नजरेला माझी दाद! ती गळती बंद केल्यावरच पुढचं काम.

मग इंजिन निवेपर्यंत चहा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, हे फाउंड्रीच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सुटली. ती जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फसफसवून काढली, तीही बॅटरीची बुचं घट्ट असल्याची खात्री करून.

झाकाझाकी हा या कलाकृतीचा सर्वांत देखणा भाग. डेल्कोवर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरवर, प्लॅस्टिकची पिशवी, रबराने आवळलेली. कॉइलवर दुसरी, डायनमोवर तिसरी, एअर फिल्टरच्या तोंडाला चौथी. डेल्कोच्या टोपीत ओल शिरली की स्टार्टर नुसता फिरत राहतो, गाडी काही सुरू होत नाही.

रॉकेलचा बोळा फिरवायची जुनी पद्धत मिस्त्रींनी सोडून दिलीय. रॉकेलने रबर फुगतं, आणि ते पेट घेण्याचा धोकाही असतो. त्याऐवजी पाण्यात मिसळणारा डिग्रीझर, रंगाऱ्याचा जुना ब्रश, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पाणी साध्या फवाऱ्याचं आणि बेताचं. प्रेशरची धार त्यांना मान्यच नाही. जुन्या वायरींचं आवरण कडक होऊन बसलेलं असतं, त्यात जोराची धार म्हणजे नसता उद्योग. वायरींजवळ फक्त ओलं फडकं फिरलं. खाली पत्र्याचा ट्रे होता. तो नसता तर ते तेलकट पाणी गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत गेलं असतं. याबाबतीत आपल्या गावाने फुशारकी मारावी असं फारसं काही नाही.

नंतर कंप्रेसरची हवा. पहिला मान प्लगच्या खळग्यांचा, कारण तिथे साचलेलं पाणी प्लग काढताच सिलिंडरमध्ये उतरतं.

गिऱ्हाईकाला चकाकी देणारा स्प्रे हवा होता. मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. अॅल्युमिनियमचा मंद करडा रंग, बिडाचा खरखरीत पोत, ब्रशच्या टोकाने मोकळी झालेली नटांची धार हेच तर पाहायचं असतं. स्प्रेखाली सगळं एकाच तेलकट सुरात गातं, आणि ताज्या गळतीचा थेंबही त्यात खपून जातो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र त्यांनी लगेच बदललं नाही. नट बेताने आवळले आणि गाडी आठवडाभर फिरवून आणायला सांगितली. पट्टा पुन्हा उतरला, तरच पॅकिंगचा खर्च.