निनावी ग्रंथकार

सुरतेत राहून गेलेल्या मराठी लेखकांत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांना आपण व्याकरणकार म्हणून ओळखतो. त्यांचे ‘धर्मविवेचन’ मात्र क्वचितच कोणी वाचतो. येथील इंग्रजी शाळेत असताना, १८४३ च्या सुमारास लिहिलेले हे पुस्तक छापले गेले १८६८ मध्ये, आणि तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य असावे, नित्याची वाणी व वर्तन विवेकाला धरून असावे, ही त्यातली तत्त्वे. ज्याने १८३६ मध्ये व्याकरणावर आपले नाव घातले, त्याला या तत्त्वांखाली ते घालवले नाही. आम्हांला या पुस्तकातला सर्वांत बोलका मजकूर हाच वाटतो.

२२ जून १८४४ रोजी दादोबा आणि दुर्गाराम मेहताजी यांनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापिली. भूत उतरवणाऱ्या मांत्रिकांनी आपले सामर्थ्य चारचौघांत सिद्ध करावे, असे आव्हान दुर्गारामांनी दिले. दुखण्याला वैद्याआधी भुवा बोलावण्याचा तो काळ. (तो पुरता सरला, असे आजही म्हणवत नाही.) रोग्याचे बळ भीती खाते आणि उपचाराची वेळ मांत्रिक खातो.

भुताची भीती अशी उजेडात आणता आली. जातभाईंची आली नाही. १८४९ मध्ये मुंबईत निघालेली परमहंस सभा गुप्तच राहिली. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव बंद दाराआड खायचा, बाहेर येऊन सोवळे सांभाळायचे! १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस गेले आणि नावे फुटण्याच्या धास्तीनेच सभा मोडली. दादोबांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. बहिष्काराने तेव्हा मुलीचे लग्नच नव्हे, प्रेताला खांदा देणेही अडत असे.

परमुलखात वसलेल्या आपल्या कुटुंबांना ही दुहेरी राहणी परकी नाही. इथले शेजारी आणि देशावरचे नातलग, दोघांनाही राजी राखताना किती घरांत क्षय नि मनाचे आजार ‘हवा मानवत नाही’ या शब्दांखाली झाकले गेले! आमच्याही घरी अशी एक आत्या होती. दवाखान्यात नेले तर लोकांना कळेल, म्हणून दोन वर्षे तिच्या दंडावर भगताचा दोरा होता. तो तिनेच मागून घेतला होता, घरच्यांच्या जिवाला बरे वाटावे म्हणून. ‘धर्मविवेचन’ आम्ही वाचले ते ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी.